वाहनचालक आणि धोक्याची जाणीव

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त सत्तरी तालुक्यातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारगाडीसारख्या विषयावर बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, याविषयी माझ्याच मनात शंका आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्राचे माझे ज्ञान स्कूटरच्या प्लगपलीकडे जात नाही. नियम कोणते, दंड किती, परवाना केव्हा रद्द होतो, हे सांगण्यास वाहतूक खात्याचे अधिकारी येथे उपस्थित आहेत आणि ते मजपेक्षा अधिकारवाणीने सांगतील. मला बोलावयाचे आहे ते चालकाच्या मनाविषयी. धोका समोर उभा असताना तो माणसाला का दिसत नाही, आणि दिसला तर माणूस काय करतो, या प्रश्नाचा शास्त्रज्ञ आठ दशकांहून अधिक काळ पाठपुरावा करीत आले आहेत. त्यातील जो भाग मला समजला, तो आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी स्वतः अनुभवलेली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामासाठी मी जीपगाडीतून चोर्ला घाटाने बेळगावास निघालो होतो. आमचे चालक वीस वर्षांचे अनुभवी. त्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता. केरी मागे पडली आणि गाडी घाट चढू लागली. पुढे मालाने भरलेला एक ट्रक कण्हत कण्हत चढत होता. पुढचे काहीएक दिसत नाही अशा वळणावर आमच्या चालकांनी गाडी उजवीकडे काढली. मी म्हटले, “अहो, समोरून कोणी आले तर?” ते म्हणाले, “साहेब, इतक्या सकाळी या वळणावर कोणी येत नाही.” वाक्य पुरे होते न होते तोच बेळगावची भाजी घेऊन उतरणारा टेम्पो समोर उभा! टेम्पोवाल्याने प्रसंगावधान राखून गाडी कच्च्या कडेवर घातली, म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे. त्यानंतर पंधरा किलोमीटरपर्यंत आमचे चालक तुपाने भरलेली घागर घेऊन चालल्याप्रमाणे गाडी हाकत होते. संध्याकाळी परतताना त्याच घाटात, तशाच एका वळणावर, पुढे दुसरा ट्रक आला आणि आमची गाडी पुन्हा उजवीकडे गेली. या खेपेस मी काही बोललो नाही. का बोललो नाही, याचे उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. सकाळचा प्रसंग तोवर बहुधा मलाही जुना वाटू लागला होता.

आमचे चालक बेफिकीर किंवा अडाणी होते, असे म्हणून हा विषय संपविता येईल. परंतु ते तसे नव्हते. मी पुष्कळ दिवस या गोष्टीचा विचार केला, जमेल तेवढे वाचले, आणि आज माझी अशी समजूत झाली आहे की त्यांची चूक त्यांच्या अनुभवानेच त्यांना शिकविली होती.

१९३८ साली अमेरिकेत जेम्स गिब्सन आणि लॉरेन्स क्रूक्स या दोघा अभ्यासकांनी मोटार चालविण्याच्या क्रियेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची कल्पना अशी की चालकाच्या पुढे, रस्त्यावर पसरलेल्या जिभेसारखे, एक अदृश्य क्षेत्र सतत सरकत असते. या क्षेत्रात आपण निर्वेधपणे जाऊ शकू असे त्याला वाटते. समोरून गाडी आली की ही जीभ एका बाजूने आक्रसते, वळण आले की आखूड होते, मोकळा रस्ता लागला की लांब होते. चालक जे करतो ते एवढेच, की आपली गाडी तो या जिभेच्या मध्यावर ठेवण्याचा यत्न करतो. या क्षेत्राच्या आत दुसरे एक लहान क्षेत्र असते, ते म्हणजे गाडी थांबण्यास लागणाऱ्या अंतराचे. पहिले क्षेत्र दुसऱ्यापेक्षा मोठे आहे तोवर चालक सुरक्षित असतो.

येथपर्यंत सर्व सोपे वाटते. अडचण अशी की पहिले क्षेत्र चालकाच्या नजरेने आणि समजुतीने ठरते, तर दुसरे पदार्थविज्ञानाच्या नियमाने. घाटात धुके उतरले की नजर तीस मीटरांवर अडते. पण गाडी थांबण्याचे अंतर धुक्यामुळे तसूभरही कमी होत नाही. ओल्या रस्त्यावर ते उलट वाढते. आणि वळणापलीकडचा जो भाग डोळ्यांना दिसत नाही, तो चालक आपल्या समजुतीने भरून काढतो. “इतक्या सकाळी कोणी येत नाही” हे वाक्य म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यावर मनाने ओढलेली रेघ होय.

गणिताच्या शिक्षकांसाठी थोडा हिशेब सांगतो. मुलांकडून तो फळ्यावर करवून घ्यावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. म्हैस आडवी आली हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात ११ मीटर संपले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर गाडी आणखी सुमारे ९ मीटर जाते. एकूण २० मीटर. म्हैस २० मीटरांवर असेल तर ती वाचली. आता हाच मनुष्य ताशी ६० च्या वेगाने येत असेल तर नुसत्या पहिल्या सेकंदातच तो जवळजवळ १७ मीटर पुढे आलेला असतो. ब्रेकसाठी उरतात ३ मीटर, आणि म्हशीवर तो आदळतो तेव्हा त्याचा वेग अजून ताशी ५० किलोमीटरांहून अधिक असतो. ज्या ठिकाणी ४० वाला थांबून उभा राहिला, तेथे ६० वाला जवळजवळ पूर्ण वेगात असतो. ही गोष्ट प्रथम कागदावर मांडली तेव्हा माझा स्वतःचा विश्वास बसला नाही. मी ती दोनदा ताडून पाहिली. स्कूटरवर बसलेल्या माणसाला ४० आणि ६० यांतला फरक कानाला लागणाऱ्या वाऱ्यापुरताच जाणवतो. त्यातही मोठ्या रस्त्यावरून तासभर वेगाने आलेल्या चालकास गावात शिरताना ५० चा वेग रांगल्यासारखा वाटतो, कारण डोळे आधीच्या वेगाला सरावलेले असतात.

धोका जाणवला की माणूस काय करतो, हा यापुढचा प्रश्न. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात गेराल्ड वाइल्ड नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८२ साली त्यांनी एक सिद्धांत मांडला आणि त्यावरून पुढे फार मोठा वाद झाला. आपल्या घरातील स्वयंचलित इस्त्री पाहा. ठरविलेल्या उष्णतेपेक्षा ती तापली की आतील कळ वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. वाइल्ड यांचे म्हणणे असे की प्रत्येक माणसाच्या मनातही धोक्याची अशीच एक कळ असते. किती जोखीम घ्यावयाची याचे माप त्याच्या मनाशी ठरलेले असते. रस्ता वाईट झाला, धोका मापापेक्षा अधिक वाटू लागला, की तो सावध होतो. रस्ता रुंद केला, गाडी भक्कम केली, धोका कमी वाटू लागला, की तो वेग वाढवितो आणि मूळ मापावर येऊन ठेपतो.

या मताच्या पुष्ट्यर्थ जर्मनीतील म्युनिक शहरातील टॅक्सींचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. १९८० नंतरच्या काही वर्षांत तेथील एका कंपनीच्या काही टॅक्सींना नव्या प्रकारचे ब्रेक बसविण्यात आले. जोराने दाबले तरी चाके जखडून गाडी घसरू नये, अशी त्यांची रचना होती. उरलेल्या टॅक्सी जुन्याच ब्रेकच्या. अपेक्षा अशी की नव्या ब्रेकच्या गाड्यांना अपघात कमी होतील. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारच्या गाड्यांच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उतारू म्हणून बसविलेल्या निरीक्षकांनी चालकांना नकळत नोंदी केल्या, तेव्हा असे आढळून आले की नव्या ब्रेकचे चालक वळणे अधिक झटक्याने घेत, आपली मार्गिका काटेकोरपणे सांभाळीत नसत. ब्रेकने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेळ वाचविण्यासाठी खर्च केली होती! पुढे कंपनीने दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग चालकांच्या अंगावर टाकला आणि वारंवार अपघात करणाऱ्यास कामावरून काढण्याची तंबी दिली, तेव्हा मात्र अपघात घटले.

याच्या उलट दिशेचे उदाहरण स्वीडनचे. ३ सप्टेंबर १९६७ या दिवशी त्या देशाने वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. साऱ्या देशाची सवय एका पहाटेत उलटी झाली; हाहाकार उडेल असे पुष्कळांना वाटले होते. घडले ते वेगळेच. सगळेच चालक भ्यालेले, म्हणून सगळेच सावध, आणि अपघात कमी झाले. लोकांना नवी रीत अंगवळणी पडली, भीती ओसरली, आणि दोन वर्षांच्या आत आकडे पूर्वपदावर आले. आमच्या चालकांचे पंधरा किलोमीटर आणि स्वीडनची दोन वर्षे यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही.

गॉर्डन टलॉक या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने या विचाराची गमतीदार परमावधी केली. ते म्हणत, चालकाची सुरक्षितता खरोखर वाढवावयाची असेल तर पट्टे आणि गाद्या काढून टाकाव्या आणि सुकाणूच्या मध्यभागी त्याच्या छातीकडे रोखलेला एक तीक्ष्ण खिळा बसवावा.

श्रोतेहो, हे ऐकून कोणी तरुण असे म्हणेल की मग हेल्मेट तरी कशाला? हेल्मेट घातले की मनुष्य अधिक बेफाम चालवील आणि हिशेब तोच राहील. हा युक्तिवाद मी पणजीत सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथेच देतो. वाइल्ड यांच्या सिद्धांताचा अनेकांनी कसून प्रतिवाद केला. मोटारनिर्मिती व्यवसायातीलच लिओनार्ड एव्हान्स या संशोधकांनी १९८६ साली अपघातांची आकडेवारी पुढे ठेवून दाखविले की मनातली कळ इतकी बिनचूक नसते. मनुष्य ज्या सुधारणेचा परिणाम हातापायांना जाणवतो, तिची भरपाई करतो. ब्रेक चांगला लागतो हे दर दहा मिनिटांनी कळते. हेल्मेट मात्र ते घालून पडेपर्यंत काहीच कळवीत नाही. जगातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली घेण्यात आला, त्यात दुचाकीवरील अपघातात हेल्मेटमुळे मृत्यूचा संभव ४२ टक्क्यांनी व डोक्यास इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. अमेरिकेत १९७६ साली केंद्र शासनाने आपला दबाव काढून घेतल्यावर जवळजवळ निम्म्या राज्यांनी थोड्याच वर्षांत हेल्मेटची सक्ती रद्द किंवा सैल केली. दुचाकीस्वारांचे मृत्यू वाढले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली पन्नास हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर गेली. सिद्धांत कितीही चतुर असो, तो डोक्यावर घालून चालत नाही.

माझ्या मते वाइल्ड यांच्यापेक्षा फिनलंडमधील दोघांचे म्हणणे आपल्याला अधिक उपयोगी आहे. हेलसिंकी येथील रिस्तो नॅटॅनेन आणि हेइक्की सुम्माला यांनी १९७० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की सामान्य चालक जोखमीचे माप वगैरे काही घेत नाही. बहुतेक सर्व वेळ त्याला जोखीम जाणवतच नाही; त्याच्या मनाचा काटा शून्यावर असतो. सुरुवातीस वाटणारी भीती, रोज काही न घडता घरी पोहोचल्यामुळे, झिजत झिजत नाहीशी होते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी आपण एक आकडा कल्पू. समजा, एका आंधळ्या वळणावर पुढचे वाहन ओलांडले तर पाच हजार वेळांतून एकदा समोरून कोणी नेमके त्याच क्षणी येते. एखादा मनुष्य रोज एकदा हे करीत असेल तर सरासरीने तेरा-चौदा वर्षे त्याचे काहीही बिघडणार नाही. तेरा वर्षे रोज परीक्षा द्यावी आणि रोज उत्तीर्ण व्हावे! अशा माणसाला “हे धोक्याचे आहे” असे सांगावयास गेलो, तर तो आपल्यालाच हसेल, आणि त्याच्या अनुभवाच्या दृष्टीने ते हसणे रास्तही असेल. आता त्या रस्त्याने जाणारी पाचशे माणसे रोज एकेकदा हेच करीत असतील असे धरा. मग त्या वळणावर दर दहा दिवसांनी एक प्रसंग ठेवलेलाच. रस्ता तोच, वळण तेच, धोकाही तेवढाच. तो एकेका चालकाला दिसत नाही, गावाला दिसतो. आमच्या चालकांच्या वीस वर्षांच्या अनुभवाचे मोल मला येथे कळले. तो अनुभव खोटा नव्हता, एका माणसापुरता होता.

त्यातून आणखी एक गाठ अशी की प्रत्येकजण स्वतःला दुसऱ्यापेक्षा बरा चालक समजतो. ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ९३ टक्के विद्यार्थ्यांनी आपले कसब सामान्य चालकाहून वरच्या निम्म्यात असल्याचे सांगितले. स्वीडनमधील ६९ टक्क्यांनी. निम्म्यांत निम्मेच मावतात, हे वेगळे सांगावयास नको. आपल्याकडे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलींचे पायलट थांब्यावर बसलेले असतात. त्यांच्यापैकी सहा-सात जणांना मी एकदा विचारले, तुमच्यात सर्वांत जपून कोण चालवितो? प्रत्येकाने स्वतःचे नाव सांगितले. सर्वांत बेफाम कोण, असे विचारताच सर्वांनी नेमका त्या दिवशी गैरहजर असलेल्याकडे बोट दाखविले.

देशाचा हिशेब पाहिला तर २०२२ मध्ये रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला ४६१ हून अधिक. मृतांत दुचाकीवरील माणसे शंभरात चव्वेचाळीसहून जास्त. या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांच्या मुळाशी अतिवेग असल्याची नोंद आहे. आणि सुमारे दोन तृतीयांश अपघात घडले ते सरळ रस्त्यावर. आपण घाटातील वळणांना भितो; माणसे मात्र अधिक करून सरळ रस्त्यावर जातात. अर्थात रस्त्यांची बहुतेक लांबी सरळच असते, तेव्हा एवढ्या आकड्यावरून वळणे निर्धोक ठरत नाहीत. पण जेथे मनाचा काटा शून्यावर असतो तेथे काय घडते, याची कल्पना त्यावरून येते.

आता माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयी दोन शब्द. गेली वीस वर्षे मी रस्त्याकडेची घोषवाक्ये लिहीत आलो आहे. यमक जुळविण्यात माझा हातखंडा आहे, असे सहकारी म्हणतात. कवटी आणि दोन हाडे काढलेला फलकही माझ्याच काळात उभा राहिला. तो रोज पाहणारा चालक प्रत्येक वेळी असे समजून पुढे जातो, की हा फलक मागून येणाऱ्या त्या बेफाम माणसासाठी आहे. फलकाने ज्या मृत्यूची भीती घातली, तो त्याला आजही आला नाही, कालही आला नव्हता. म्हणजे फलक रोज खोटा ठरतो. त्यापेक्षा ज्या उपायांत चालकाच्या मताला वावच नसतो, ते मला अधिक भरवशाचे वाटू लागले आहेत. गावात शिरण्यापूर्वीचे नीट बांधलेले व रंगविलेले गतिरोधक, वेग वाढल्याचा भास व्हावा म्हणून जवळजवळ येत जाणारे आडवे पट्टे, शाळेपाशी अरुंद केलेला रस्ता. ब्रिटनमध्ये असे पिवळे पट्टे चौकांच्या अलीकडे १९७० नंतरच्या दशकापासून रंगविले जाऊ लागले. हे पट्टे डोळ्यांना फसवितात, आणि येथे फसवणूक हितकारक आहे. बांधकाम खात्याचे जे अभियंते सभेस आले आहेत त्यांना माझी विनंती आहे, की रस्ता रुंद करून ‘सुधारला’ असे कळविताना त्यापुढे शाळा आहे की काय, तेही पाहावे.

राहिला प्रश्न गावाला जे दिसते ते चालकाला कसे दाखवावयाचे. पोलिसांच्या दप्तरात अपघात नोंदले जातात. थोडक्यात टळलेले अपघात कोठेच नोंदले जात नाहीत, आणि शिकविण्यासारखे असते ते त्यांतच. शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेच्या व्हरांड्यातून किंवा देवळाच्या पायऱ्यांवरून, रस्त्यापासून दूर बसून, वरच्या वर्गाच्या मुलांना आठवड्यातून एक तास दोन गोष्टी मोजता येतील. एक, वळणावर समोरचे न दिसता पुढे काढलेली वाहने. दुसरी, वाहनांमधील अंतर. पुढचे वाहन विजेच्या खांबापाशी आले की मुलाने “एक हजार एक, एक हजार दोन” असे सावकाश म्हणावे. ते म्हणून होण्याआधी मागचे वाहन खांबापाशी पोहोचले तर दोन सेकंदांचे अंतर राखलेले नाही. नाव नको, गाडीचा क्रमांक नको. चुगली करावयाची नाही. फक्त आकडा, तारीख आणि वेळ लिहावी. महिन्याचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावे. आपल्या वळणावर या महिन्यात इतक्या वेळा समोरून येणाऱ्याला कडेला उतरावे लागले, हे ऐकल्यावर पाचशेपैकी प्रत्येकाला इतर चारशे नव्व्याण्णवांचा अनुभवही मिळेल. जी गावे असे आकडे पाठवितील ते आम्ही या पत्रिकेत घोषवाक्य न जोडता जसेच्या तसे छापू.

केरीच्या वरचे जे वळण मी सांगितले, तेथून जवळ मुलांना सुरक्षितपणे बसण्याजोगी जागा नाही. तेव्हा आरंभ बाजाराच्या अलीकडील वळणापासून करावा, असे मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. रकाने आखलेली पहिली वही मी सोबत आणली असून ती व्यासपीठाच्या टेबलावर ठेवली आहे. कोणास काही विचारावयाचे असल्यास वेळ आहे. ब्रेकविषयी मात्र वाहतूक खात्याच्या साहेबांना विचारावे.